मंदाकाकूंच्या आवाजात

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून मानिक चौकातला कुठलाही दुकानदार खो खो हसेल. बंडूभैयाच्या पोटात न सांगितलेली गोष्ट? शक्यच नाही! मी चहाच्या टपरीवर टेकलो की लोक बाकडी जवळ ओढतात. मग माझे हात सुटतात, भुवया सुटतात, आणि आवाज — आवाजाचं तर विचारूच नका.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे ‘सरकारने स्वतःलाच फोन केला’. सरकार लखनौहून फोन लावतं, विचारतं, आपण संतुष्ट आहात का? आणि सरकारच पलीकडून बाईच्या आवाजात उत्तर देतं, हो हो, फार संतुष्ट! दोन्ही आवाज मीच काढतो. लोक डोळे पुसत हसतात. आमच्या झाशीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत या गोष्टीची दरवर्षी फर्माईश होते.

ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे — अर्धी खोटी. फोन खरंच आला होता. उत्तरही अगदी तसंच गेलं होतं. फक्त —

नको, एकदम तिथे नको. आधी दुकान दाखवतो.

आमचे पूर्वज सुभेदारांच्या काळात कारकुनी करायला इकडे आले आणि लोकांचे अर्ज लिहिता लिहिता इथलेच झाले. आजोबा कचेरीबाहेर कडुलिंबाखाली बसून अर्ज लिहायचे. मी गल्लीत जनसेवा केंद्र चालवतो, म्हणजे तेच करतो. झाड गेलं, कॉम्प्युटर आला. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पेन्शन, तक्रार — सगळं आता ऑनलाइन. आणि प्रत्येक अर्जाला मोबाईल नंबर लागतो, कारण त्यावर ओटीपी येतो. ओटीपी थोडा वेळच जिवंत राहतो. आता मला सांगा, ज्या बाईचा फोन घरी चार्जिंगला लावलाय, किंवा मुलगा कामावर घेऊन गेलाय, तिने काय करायचं? धापा टाकत घरी पळायचं? म्हणून आम्ही केंद्रवाल्यांनी एक सोय काढली होती. समोरचा त्याचा नंबर सांगायचा, मी मान डोलवायचो, आणि टाकायचो स्वतःचा. काम झटपट. कुणाला कळायचंही नाही.

पण सरकारच्या बाजूने बघा जरा! त्यांच्या दृष्टीने आमचा अर्धा मोहल्ला म्हणजे मी एकटाच होतो. विधवा मी, विद्यार्थी मी, अपंग मी. मग चौकशीचे फोन यायला लागले. “क्या आप फूलवती जी बोल रही हैं?” पहिल्यांदा मी खरं सांगितलं की नाही, मी केंद्रवाला. पलीकडची मुलगी म्हणाली, अर्जदाराशीच बोलायचंय, आणि फोन ठेवला. फूलवतीचं काम अडकलं. पुढच्या वेळी मी घसा खाकरला आणि — झालो फूलवती! लहानपणापासून गणपतीच्या नाटकांत बायकांची कामं केलेली, ती सरकारदरबारी कामाला आली. दुकानातली माणसं तोंडात बोळा कोंबून हसायची. फूलवतीचं काम झालं, मला चहा मिळाला. यात काय वाईट होतं? काहीच नाही, असं मला वाटायचं. तुम्ही मात्र लगेच विश्वास ठेवू नका. एवढ्या गोड आवाजात सांगणाऱ्या माणसाचा थोडा संशय घ्यावाच.

आता मंदाकाकू. त्यांचे यजमान अण्णा रेल्वेत गार्ड होते, भुसावळकडचे. रिटायर झाल्यावर परत न जाता आमच्याच गल्लीत राहिले. मुलगा नीलेश सिविल लाइंसमध्ये एका दफ्तरात क्लार्क. त्याने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, झाशीजवळच्या मोठ गावच्या रश्मीशी. रश्मीला मराठी कळायचं, बोलता यायचं नाही. तिची बुंदेली मात्र कानाला गोड. काकूंनी आधी बराच काळ तोंड वाकडं ठेवलं. मग हळूहळू सैल झाल्या. रश्मीने साटोऱ्या केल्या की काकू त्या माझ्या दुकानात आणायच्या आणि कुणी न विचारता सांगायच्या, “सुनेने केल्यात हं.” त्या ‘हं’मध्ये किती काय होतं, ते माझ्यासारख्या नकलाकाराला बरोबर ऐकू यायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या नळात गटाराचं पाणी मिसळायला लागलं. काकू एक दिवस लोणच्याची बरणी घेऊन आल्या आणि माझ्या काउंटरवर ठणकन ठेवली.

“बंडू, हे पाणी आहे की ताक? कर तुझ्या सरकारला तक्रार.”

मी तक्रार भरली. काकूंनी घरातल्या मोबाईलचा नंबर सांगितला. तो फोन रश्मीच उचलायची, कारण काकूंना कमी ऐकू यायचं. मी मान डोलवली. आणि टाकला स्वतःचा.

पाण्याच्या दफ्तरातून छोटे बाबू आले. गटारात पांढरी पावडर फेकली, तिचा फोटो काढला, पोर्टलवर चढवला, आणि तक्रार ‘निस्तारित’. म्हणजे संपली. मग ते माझ्या दुकानात चहाला बसले. याच दफ्तरात रश्मीचे मामा पंपावर कामाला होते, हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तेवढ्यात फोन वाजला. लखनौ.

“क्या मंदाकिनी जी बोल रही हैं? आपकी शिकायत का समाधान हुआ? आप संतुष्ट हैं?”

एक शब्द पुरे होता — नाही. नाही म्हटलं असतं की तक्रार पुन्हा उघडली असती, वरचा साहेब आला असता, पाइप उकरला गेला असता. बाबू माझ्याकडे बघत होते. माझ्या केंद्राला त्यांचा त्रास होऊ शकला असता का? शकला असता. पण मी भीतीने बोललो असतो तर आज सांगणं सोपं गेलं असतं. दुकानात दुसऱ्या मोहल्ल्यातली गिऱ्हाईकं होती. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, हसू ओठांवर आणून तयार. आणि काकूंचा आवाज — तो भुसावळी हेल, ते अर्धं हिंदी — तो आवाज मला फार छान जमायचा हो!

“हाँ बेटा, एकदम संतुष्ट! नल में तो गंगाजी आ रही हैं! साहब लोगों को मेरा आशीर्वाद बोलना हं!”

दुकान फुटलं. बाबूंनी काउंटरवर थाप मारली, चहा सांडला. मी वाकून नमस्कार केला, नाटकात पडद्यासमोर करतात तसा.

पाणी तसंच राहिलं. काकू पुन्हा आल्या, मी पुन्हा तक्रार भरली, ती फेटाळली गेली. कारण स्क्रीनवर आलं, ते मी सवयीने मोठ्याने वाचलं — वाचता वाचता काय वाचतोय ते कळलं, पण तोवर उशीर झाला होता. ‘शिकायतकर्ता महिला से फोन पर वार्ता हुई। वे संतुष्ट हैं।’

“महिला?” काकू म्हणाल्या. “कुठली महिला?”

मी उगाच माउस फिरवत बसलो.  त्यांचे डोळे हलत होते. त्या आपल्या घरातल्या बायका मोजत होत्या — आणि त्या मोजायला कितीसा वेळ लागतो? एक त्या स्वतः. दुसरी जी फोन उचलते. जिचा मामा त्याच दफ्तरात आहे.

संध्याकाळी त्या रश्मीला घेऊन दुकानात आल्या. घरातला फोन माझ्यासमोर ठेवला. रश्मीचा चेहरा उतरलेला. “अम्मा, कौनऊ फोन नईं आओ,” ती शपथ घेऊन पुन्हा पुन्हा म्हणत होती. “हमाई सौं, नईं आओ।” मी फोन हातात घेतला, यादी खालीवर केली, डॉक्टर नाडी बघतो तसा चेहरा करून. लखनौचा कॉल त्यात कुठून असणार? तो माझ्या खिशात होता. माझ्या शर्टाच्या खिशात, काकूंच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर.

“यात नाही,” मी म्हणालो.

काकूंनी विचारलं, “आलेला फोन यातून पुसता येतो का रे?”

बघा, आता आलो आपण तिथे. इतका वेळ मी ज्याच्याभोवती घिरट्या घालत होतो ते हेच. बाईचा आवाज काढला ती मस्करी होती, चावटपणा होता, म्हणा हवं तर. पण या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, याचा विचार करायला मला भरपूर वेळ होता. रश्मी माझ्याकडे बघत होती. मी केंद्रवाला, कॉम्प्युटरचा जाणकार — मी जे सांगेन ते खरं ठरणार होतं, हे तिला ठाऊक होतं.

“येतो, काकू,” मी म्हणालो. “पुसता येतो.”

शब्दशः खरं. कुठल्याही फोनमधला कॉल पुसता येतोच की! मी एक अक्षर खोटं बोललो नाही. एवढ्या नकला केल्या आयुष्यात, पण सज्जन माणसाची इतकी हुबेहूब नक्कल पुन्हा जमली नाही.

त्यानंतर अण्णांना कावीळ झाली. ते वाचले, पण बराच काळ दवाखान्यात होते. आणि तिथे रश्मी त्यांच्यासाठी पाणी उकळून आणायची, तर काकू तो तांब्या बाजूला सारून स्वतः दुसरं पाणी आणायच्या. कुणी भेटायला आलं की सांगायच्या, “मामाला वाचवलं हो हिने, आणि सासऱ्याला झोपवलं.” मीही भेटायला गेलो होतो. सफरचंदं घेऊन! अण्णांना हसवून आलो.

गल्लीने शेवटी रस्ता अडवला तेव्हा पाइप बदलला. घर मात्र तोवर दुभंगलं होतं. नीलेश आणि रश्मी सिविल लाइंसमध्ये भाड्याने राहायला गेले. काकूंनी तो मोबाईल कमरेच्या बटव्यात घातला, तो कायमचा. ऐकू येत नव्हतं तरी स्वतःच उचलायच्या आणि “कोण? कोण?” करत राहायच्या.

आणि मी काय केलं? मी गोष्ट रचली — ‘सरकारने स्वतःलाच फोन केला’. स्वतःला सांगितलं की यामुळे रश्मीवरचा आळ उडेल, लोक सरकारवर संशय घेतील, सरकारला काय फरक पडतो? लोकांनी घेतलाही. पोर्टलवर संशय घ्यायला आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, आणि दहातल्या नऊ वेळा तो रास्त असतो. त्या वेळी मात्र कुणीतरी लखनौला बसून खरोखर नंबर फिरवला होता, खरोखर विचारलं होतं, खरोखर उत्तर लिहून घेतलं होतं. गोष्ट सांगून सांगून मी इतका रंगलो की हे मी स्वतःही विसरायला लागलो.

रश्मी विसरली नव्हती. एका गणपतीत अण्णांच्या आग्रहाने ती कार्यक्रमाला आली होती, तिसऱ्या रांगेत. मी गोष्ट सुरू केली, आणि ऐन रंगात काकूंच्या हेलात ते वाक्य टाकलं — आशीर्वाद बोलना हं! हॉल दणाणला. रश्मी हसली नाही. ती माझ्या तोंडाकडेही बघत नव्हती. माझ्या गळ्याकडे बघत होती, जिथून तो आवाज निघाला होता. मग तिने पुढच्या रांगेत बसलेल्या काकूंच्या पाठीकडे पाहिलं. काकूंना स्टेजवरचं धड ऐकूच येत नव्हतं. सगळे हसतात म्हणून त्याही हसत होत्या.

मी वाट बघत राहिलो — आता ही उठेल, आता बोलेल. ती बोलली नाही. तेव्हा नाही, त्यानंतरही नाही. का? तिला वाटलं असेल का, की मीच सांगेन?

काकू गेल्या, संशय बरोबर घेऊन. त्यानंतर रश्मी दुकानात आली, मृत्यूचा दाखला काढायला. नीलेश बाहेर स्कूटरवर थांबला होता. तिने कागद ठेवले आणि खुर्चीवर बसली. मी भरायला लागलो. नाव, पत्ता, वय. आता तिचं मराठी स्वच्छ झालं होतं, अगदी काकूंच्या वळणाचं.

“या वेळी नंबर माझा घाला, बंडूभैया.”

एवढंच. मी मान डोलवली. ती उठली, काउंटरला वळसा घालून माझ्या मागे आली आणि स्क्रीनकडे बघत उभी राहिली. तिने एकेक आकडा सांगितला, मी एकेक टाकला. मग आम्ही दोघं ओटीपीची वाट बघत राहिलो. तिच्या हातातला फोन वाजला. तिने ओटीपी वाचून दाखवला, दाखला छापून घेतला, नीट दोनदा घडी घातली.

दारात येऊन नीलेश म्हणाला, “काय भैया, एखादी गोष्ट नाही सांगितली आज?”

रश्मी थांबली. वळून माझ्याकडे बघत राहिली. नीलेश समोर होता, ती समोर होती, दुकानात चौथं कुणी नव्हतं.

मी सांगितली. दुसरीच एक, हसायची.