कारखान्यातली खूण

चाचांवर चोरीचा आळ मी घेतला. तो घेताना मी एक शब्दही बोललो नाही, आणि पुढे कोर्टात तेच माझ्या कामी आलं.

भिवंडीत कामतघरच्या कापड कारखान्यात मी लूम चालवायचो. चाचा आमचे जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलायचो. प्रत्येकाची एक खूण ठरलेली असे. चाचांची खूण म्हणजे हनुवटीखालची दाढी ओढणं.

त्या आठवड्यात पितळी सुटे भाग गायब झाले होते. माझा लूम सकाळपासून बंद आणि चाचा दुसऱ्याच्या लूमला लागलेले. मी चिडलो. शेजाऱ्याकडे बघून दाढी ओढली आणि कमरेला काहीतरी खोचल्याची खूण केली. पाहिलं मी काहीच नव्हतं. ती खूण लूमवरून लूमवर गेली, शिफ्ट सुटेपर्यंत शेठपर्यंत पोचली. चाचांचं काम गेलं. पुढे कुठलाही कारखाना त्यांना दारात उभं करेना.

खूण माझ्या लूमपासून निघाली असा त्यांना संशय होता. त्यांनी माझ्यावर अब्रुनुकसानीची केस केली. माझ्या वकिलाने साक्षीला आलेल्या कामगाराला विचारलं, "तुम्ही स्वतःच्या कानांनी काय ऐकलंत?"

"साहेब, लूममध्ये कान कोण वापरतो? तिथे डोळेच चालतात."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले की कायद्याला खूणही चालते, पण ती पहिल्यांदा कुणी केली ते सिद्ध करा. मग प्रत्येक साक्षीदाराने आपल्या शेजारच्या लूमकडे बोट दाखवलं. माझी खूण प्रत्यक्ष पाहणारा एकच होता आणि तो आपल्या मुलखात गेला तो परतलाच नाही. मी मान खाली घालून उभा होतो. सुटलो.

बाहेर चाचा म्हणाले, "कोर्टाला सापडला नाहीस बेटा. मला सापडलास. सगळा वेळ तू जमिनीकडेच बघत होतास."

शेलार गावात घरी गेलो तर आईने पेढे आणून ठेवलेले. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "सुटलास न्हाय? मंग गप बस ना!"

गप्पच तर बसलो होतो! सिद्ध झालं नाही म्हणजे घडलंच नाही, हे मला आजही मान्य नाही. त्या दिवशीही नव्हतं. मी चाचांच्या खोलीवर गेलो आणि पाय धरायला वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. "इथे चार भिंतींत माफी? चोर तर भर कारखान्यात बनवलास. जिथे केलंस तिथे कर."

मी हे सांगताच वकील भडकले. "आता तोंड उघडलंस तर मी तुझा वकील नाही!"

"तोंड उघडायचं नाहीच आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन कारखान्यात गेलो. शेठ दारातच आडवे आले. "तमाशा नको. शिफ्ट चालू आहे, एकही लूम बंद होणार नाही."

"बंद नकोतच शेठ. चालूच राहू द्या."

"तुझी ड्युटी जाईल."

"चाचांची गेलीच की."

मी चाचांचा हात धरून आत शिरलो. मधल्या वाटेत सूत गुंडाळायच्या एका रिकाम्या बीमच्या रुळावर चढलो. सगळे बघायला लागले. मी दाढी ओढली, कमरेला खोचल्याची तीच खूण केली आणि हात जोरजोराने हलवून 'नाही' म्हटलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं: खोटं मी बोललो. खाली चाचा ताठ उभे होते. त्यांच्याकडे वळून मी दोन्ही कान धरले. जवळच्या कामगाराने पुढच्या लूमकडे तोंड करून माझी खूण पोचवली, त्याने त्याच्या पुढच्याला. ती शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत मी कान धरूनच उभा राहिलो.