आक्का आणि ‘हाच खरा’ नियम

“बठ्ठं बंद कर आधी!”

उजवा पंजा हवेत आणि आवाज थेट रस्त्यापर्यंत. बठ्ठं म्हणजे सगळं. कचेरीत प्रिंटर अडला, पंखा कुरकुरला किंवा दोन माणसांचं बिनसलं, तरी आक्काचं पहिलं वाक्य हेच. आधी सगळं बंद, मग एकेक चालू. भांडणाऱ्यांनाही ती असंच गप्प करायची आणि मग एकेकाला तोंड उघडायची परवानगी द्यायची.

तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर फोन येईल, आणि आक्काचा फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

सातपुड्यातल्या बायकांच्या गटांकडून आमचूर घ्यायचा आणि बाहेरच्या खरेदीदारांना पाठवायचा, हे आमच्या नंदुरबारच्या कचेरीचं काम. आक्का तिथली प्रमुख. मी संगणकाचा माणूस. असं कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, मीच सांगत फिरायचो. मेलची पेटी सगळ्यांची मिळून एकच होती. अमुक पत्त्यावरून मेल आला की तमुक कप्प्यात जावा, असे नियम त्या पेटीला लावता येतात, हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून कचेरीचे ग्रह फिरले. लहान मुलाच्या हातात रबरी शिक्का दिला की ते भिंतीवरही उमटवतं. माझं तसंच झालं.

पहिला पराक्रम आभाराचा. आलेल्या प्रत्येक मेलला आपोआप ‘आपला मेल मिळाला, धन्यवाद’ असं उत्तर जाईल, असा नियम मी शनिवारी लावला आणि घरी गेलो. सुरतेच्या एका खरेदीदाराकडेही तसाच नियम होता. त्याच्या यंत्राने आमच्या यंत्राचे आभार मानले, आमच्याने त्याच्या आभाराचे आभार मानले, आणि रविवारभर दोघं एकमेकांना सोडेनात. सोमवारी पेटी उघडली तर नुसता विनय ओसंडत होता. आक्काने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पंजा वर केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याही कचेरीत माझ्यासारखं एखादं माणूस असेलच. आक्कासारखं आहे का, ते पाहा.

त्या हिवाळ्यात ती पाड्यापाड्यावर फिरली होती. गटांना तिने एकच सांगितलं, “काही विचारायचं असलं तर मेल टाका. पुढच्या बाजाराच्या आत उत्तर येईल. माझी वाट बघायची नाही.” त्याआधी डोंगरातला माल दारात येईल त्या व्यापाऱ्याकडे, त्याच्या शब्दावर जायचा. कचेरीने लांबूनही शब्द पाळायचा, हा आक्काचा हट्ट होता.

आणि उन्हाळ्यात, आमचूर वाळून तयार झाल्यावर, डोंगरातल्या मोलगीहून आलेल्या जीपवाल्याने निरोप दिला, “बाया म्हणतात, ऑफिस बहिरं झालं. नमुना दिला, मेलवर मेल टाकले, कोणी बोलत नाही. या बाजाराला माल व्यापाऱ्याला देणार.”

नमुना तर केव्हाच पास झाला होता. पण पेटीत मोलगीचा एकही मेल नव्हता.

मी माझ्या फोनवरून मेल पाठवला. आला. आक्काच्या फोनवरून पाठवला. तोही आला. मी छाती फुगवून म्हणालो, “आक्का, पेटी ठणठणीत आहे. बायांनीच पाठवले नसतील.”

“तू नंदुरबारमा बसीसन नंदुरबारले मेल धाडी ऱ्हायना, भो,” ती म्हणाली. “तिकडथीन धाडीसन देखू.”

बाजाराच्या दिवशी ती अक्कलकुव्यापर्यंत एसटीने आणि पुढे घाट चढणाऱ्या जीपने मोलगीला गेली. दुपारी तिचा फोन आला. “कोठे उभी शे मी, वळख. रिचार्जना दुकानमा. आठे बठ्ठ्या बाया ह्याच दुकाननी मेलवरथीन लिखतस. आते नियम बंद कर. बठ्ठे.”

म्हणजे बायांचे मेल त्या दुकानाच्या पत्त्यावरून निघत होते. मी नियम बंद केले. दुकानदाराने मेल पाठवला. आला.

“आते एकेक लाव.”

इथे एक सांगायला हवं. माझ्या नियमांची नावं ‘नवा नियम’, ‘नवा नियम दुसरा’, ‘जुनाच पण नवा’ अशी होती. कुठला काय करतो, हे मला विचाराल तर मीही तुमच्याइतकाच उत्सुक. एक लावला, मेल आला. दुसरा लावला, आला. तिसराही आला. मग पुढचा लावला आणि पडद्याकडे बघत बसलो.

“उना का?”

“नाही आला, आक्का.”

“नाव काय शे त्या नियमनं?”

“हाच खरा.”

ती इतकी हसली की मोलगीचा बाजार क्षणभर थांबला असावा. नियम मी उघडून पाहिला. हिवाळ्यात त्या दुकानातून मोबाईलच्या कव्हरांच्या जाहिराती यायच्या, म्हणून त्या पत्त्याचं जे येईल ते आल्याआल्या पुसून टाक, असं मीच यंत्राला बजावलं होतं. यंत्र माझ्यासारखं नव्हतं. सांगितलेलं काम ते नेटाने करत होतं. तो नियम मी तिथेच पुसून टाकला.

फोन चालूच होता. आक्का बायांना मोठ्याने सांगत होती, “चूक आमची. तुमचे मेल आमच्या मशीनने गिळले. नमुना पास आहे, गाडी उद्या येते.”

मग गटाच्या प्रमुख बाईचा आवाज आला. डोंगरात लहानथोर सगळ्यांना ‘तू’च. “आज तू आली, म्हणून तू सांगते. तू नाही आली तर कोण सांगणार? आता मी मेल टाकते. तू बोलू नको. ऑफिस बोललं तर माल तुझा. नाही तर तो बघ, व्यापाऱ्याचा टेम्पो भरतोय.”

आणि आक्का गप्प बसली. मी तिला ओळखतो तेव्हापासून ही एकच वेळ.

मेल पडला. सगळा मजकूर विषयाच्या ओळीतच होता, खाली कोरं. ‘आमचूर चा नमुना पास का नापास गाडी कधी’. मी उत्तर लिहायला घेतलं, ‘महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून...’ आणि बोटं थांबली. तिथे टेम्पो भरतोय आणि मी उपरोक्त करतोय! पुसलं. लिहिलं, ‘नमुना पास. गाडी उद्या सकाळी बाजारात येईल. उशीर झाला, माफी असावी.’ पाठवलं.

फोनमध्ये नुसता बाजाराचा गलका. मग दुकानदार वाचू लागला, एकदा मराठीत, एकदा त्यांच्या बोलीत. कोणीतरी काहीतरी म्हणालं. आणि मग आवाज आला, धप्प. पुन्हा धप्प. टेम्पोतून गोण्या उतरत होत्या.

मी खुर्चीत ताठ बसलो होतो. कचेरीत कोणी नव्हतं, तरी.

पावसाळा संपल्यावर आक्का नवापूरला गेली, तिकडची नवी कचेरी उभी करायला. सुरुवातीला मोलगीच्या मेलांत ‘आक्काले सांगा’, ‘आक्का केव्हा येते’ असं असायचं. मग हळूहळू नुसतं ‘ऑफिसला नमस्कार’. परवा एका बाजाराच्या आठवड्याचे सगळे मेल मी वाचून काढले आणि तिला फोन लावला.

“आक्का, या खेपेला तुमचं नाव एकाही मेलमध्ये नाही.” मला वाटलं, तिला जरा लागेल.

“एकमाबी नही?”

“नाही.”

“परत देख.”

मी परत पाहिलं. नव्हतं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आक्का अख्ख्या नवापूर कचेरीला ओरडून सांगत होती, “आयका रे! मोलगीवाल्या माले इसरी गयात!” आणि मग हसणं, टाळ्या, चहा सांगणं. मी फोनवर आहे, हे तिच्या लक्षातच राहिलं नाही. मीही ठेवला नाही. वीतभर लांब धरून ऐकत राहिलो.