नऊ पॉइंट तीन

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की सर आधी सगळे पंखे बंद करायचे. एप्रिलातलं धाराशिव तुम्हाला ठाऊक असेल, तर इंजिनिअरिंगच्या त्या पहिल्या वर्षाच्या पोरांची दया येईल. "वाऱ्यानं लंबक बिघडतो. घाम पुसा अन् झोके मोजा," म्हणायचे.

मी तिथला सहायक. सर भौतिकशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. दर जूनला पुन्हा बोलावतील तर आहेत, नाहीतर नाहीत.

लोखंडी पट्टी भिंतीतल्या खुंटीवर झुलवायची आणि गुरुत्वाकर्षणाची किंमत काढायची. ती ९.८ यायला हवी, हे पोरं शाळेपासून जाणतात. म्हणून रीत अशी, की जर्नलात उत्तर आधी लिहायचं आणि आकडे मागून बसवायचे. मीही तसाच पास झालो. आमची खुंटी मात्र जरा हलायची, त्यामुळं ९.३ च्या वर काही यायचं नाही.

"आलं तेच लिव्हा," सर म्हणायचे. "अन् का कमी आलं ते हुडका. इंजिनिअर व्हायचंय न्हवं?"

पोरं मान डोलवायची आणि खोलीवर जाऊन ९.८ लिहायची. पालथ्या घड्यावर पाणी! भूम तालुक्यातली एक मुलगी तेवढी ऐकायची. खुंटी हलते हे तिनंच शोधून काढलं. त्या दिवशी सरांनी खुशीत मला दोनदा चहा पाजला. तिच्या घरची एकच अट होती, एक विषय जरी राहिला तरी शिक्षण बंद.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तिचं ९.३ बघून हसले. "हे कुठल्या ग्रहावर काढलं?"

सर पुढं झाले. "सर, खुंटी हलती. तिनं मागच्या पानावर लिव्हलंय बघा."

परीक्षकांनी पान उलटलं नाही. बाहेरच्यांपुढं तासिकेवाल्याचं चालतं किती! मी खुंटीपाशीच उभा होतो. ती हलवून दाखवायचीही मला हिंमत झाली नाही, त्याची आजही लाज वाटते.

ती नापास झाली. महिन्याभरानं तिचे वडील दाखला न्यायला आले. त्या अर्जावर प्रयोगशाळेचीही सही लागते.

"सर, पोरीनं खोटं लिव्हलं व्हतं का?"

"न्हाय. खरं लिव्हलं व्हतं."

"मग?"

सरांनी अर्ज ओढून सही केली. वडील गेल्यावरही पेन तसंच उघडं हातात होतं.

जूनमध्ये सर आले नाहीत. बोलावलं नाही की त्यांनीच नको म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही. फोन करावासा वाटतो, पण बोलू काय?

यंदा सगळ्या जर्नलांत ९.८ आलंय. खुंटी अजून हलते. मी जर्नलं गोळा करतो आणि सहीला ठेवतो.