गाडीनं चाललेली पावलं

ज्ञानबा गेल्याचा फोन आला तेव्हा आमची गाडी देवगाव फाट्यावर उभी होती. मी जिंतूर-सेलू फेरीवरचा कंडक्टर आणि ज्ञानबा माझा ड्रायव्हर. अकरा वर्षं आम्ही ही वाट जोडीनं केली. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, म्हणून स्टिअरिंगवर दुसराच माणूस होता. फोन कमलवहिनींचा, त्याच्या बायकोचा. "भावजी, हे उठंनात," एवढंच त्या बोलल्या आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. ज्ञानबा बाजारातून भाजी घेऊन आला, खुर्चीवर टेकला, पाणी मागितलं... वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली होती. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मात्र गाडी खच्चून भरलेली, फाट्यावर चढलेली माणसं तिकिटासाठी हात पुढं करून उभी. मी तिकिटं दिली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, सेलू किती वेळात लागंल?" त्यालाही नीट उत्तर दिलं. सेलूशिवाय मला उतरता येत नव्हतं. माझा जोडीदार गेला होता आणि मी मशीनची बटणं दाबत होतो.

आज दोन महिने झाले. हे मी कुणाची थोरवी सांगायला लिहीत नाही. ज्ञानबा साधा माणूस होता. चारठाण्याजवळच्या एका खेड्यातला, राहायला जिंतुरात, अंगानं थोराड, बोलायला कमी. आरशात एखादी बाई पळत येताना दिसली की मी घंटी दिली असली तरी गाडी हलवायचा नाही. "येऊ द्या मास्तर, दोन मिन्टानं काय बिघडत न्हाई," म्हणायचा. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर हॉर्न न देता थांबून राहायचा. आठ-आठ तास एकाच जागी बसायचं काम, आणि ते त्यानं पंचवीस वर्षं केलं. मग एक दिवस जादा फेरीला परभणीच्या स्टँडवर गाडी लावता लावता त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, जीव वाचला. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण चालायचं तुम्हाला. रोज चाळीस मिनिटं, भरभर, घाम येईपर्यंत." ज्ञानबानं मान डोलावली. सगळ्या तपासण्या होऊन तो कामावर परतला तेव्हा मी मनात ठरवलं होतं, ह्याला चालवायचं काम आपलं.

मला ते सोपं वाटलं होतं. पहिले आठ-दहा दिवस त्यानं शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्याही. पण जिंतुरात त्याला ओळखत नाही असा माणूस नाही. कुणी ना कुणी विचारायचंच, "का हो डायवर साहेब, गाडी सुटली का काय?" तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी जायचा नाही. मी रागावलो की म्हणायचा, "मास्तर, लाज वाटती म्हणून न्हाई. पण कुठं जायचंच न्हाई आन् भरभर चालायचं, हे माझ्या पायाला कळंना झालंय." ते खोटंही नव्हतं. मागं एकदा चारठाण्याच्या अलीकडं गाडी बंद पडली, फोनला रेंज नव्हती. हाच माणूस मिस्त्री आणायला भर उन्हात गावापर्यंत चालत गेला आणि मिस्त्रीला घेऊन परत आला. माणसं खोळंबली होती ना, मग पाय आपोआप उचलत होते. चाळीस मिनिटं रिकामं चालायचं म्हटलं की तेच पाय जड व्हायचे.

तेव्हा मी एक युक्ती काढली. सेलूला आमची गाडी चाळीस मिनिटं थांबायची. स्टँडासमोरचा चहा सोडून मी त्याला पार पलीकडच्या चौकातल्या गाड्यावर न्यायला लागलो. चहा चांगला असतो म्हणालो. तसा तो काही विशेष नव्हता. पण जाऊन-येऊन पंचवीस मिनिटांचं चालणं व्हायचं, आणि चहाला जायलोय म्हटल्यावर ज्ञानबा माझ्यापुढं दोन पावलं असायचा. दोन महिने हे छान चाललं. त्याचा कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. मग एक दिवस बघतो तर तो चहाचा गाडा स्टँडाच्या फाटकाशी उभा. चहावाला मोठ्या कौतुकानं म्हणाला, "साहेब, तुमाला रोज लय लांब यावं लागायलं होतं, म्हणून गाडा इकडंच आणला." ज्ञानबानं माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघं तिथंच बाकड्यावर बसलो.

त्याची एकुलती एक मुलगी स्वाती संभाजीनगरला नर्स आहे. दिवाळीला आली तेव्हा तिनं बापाच्या मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. दिवसाचा आकडा तिला तिकडं फोनवर दिसणार होता. पहिल्याच संध्याकाळी तिचा आनंदानं फोन आला, नऊ हजार पावलं झाली म्हणून. ज्ञानबा त्या दिवशी गाडीतून खालीसुद्धा फारसा उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी लक्ष ठेवलं. फाट्याकडच्या खड्ड्यांतून गाडी उडायला लागली, गिअरच्या दांड्यावरचा त्याचा हात थरथरायला लागला, आणि घड्याळातला आकडा भराभरा वाढायला लागला. ज्ञानबा पोट धरून हसला. "मास्तर, माझ्याऐवजी गाडीच चालायली," म्हणाला. मीही हसलो. रविवारी तिला सांगून टाकू, असं ठरलं.

तो रविवार काही आला नाही. आकडा बघून पोरगी खूश होती. वॉर्डातल्या पेशंटांना ती सांगायची, माझे बाबा ड्युटी करून एवढं चालतात, तुम्हाला का जमत नाही. हे ऐकल्यावर ज्ञानबाची जीभ उचलेना. एकदा तिनं मलाच फोन केला. "काका, बाबा खरंच चालतात ना? की मला बरं वाटावं म्हणून सांगतात?" ज्ञानबा समोर बसलेला, माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "चालतो की. मी बघतो ना रोज." एवढं एक वाक्य. फोन ठेवल्यावर ज्ञानबानं घड्याळाचा पट्टा सैल केला. मग खाली बघत म्हणाला, "आता खरंच चालावं लागंल. पण एकट्याला येड्यावानी वाटतंय. तुमी संगं चला." मी चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी माझा गुडघा दुखत होता, सहाव्या दिवशी पहिली फेरी होती, आणि सातव्या दिवशी मी काहीच कारण दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. ज्ञानबा विचारणारा माणूस नव्हता. त्याला चालवायला निघालेलो मी, आणि त्यानं एकदाच सोबत मागितली तेव्हा... जाऊ द्या.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर स्वाती माझ्याजवळ येऊन बसली. फोनमध्ये रोजच्या पावलांच्या उभ्या रेघा होत्या, एकही दिवस चुकलेला नाही. सुट्टीच्या दिवसांच्या रेघा तेवढ्या बुटक्या. "काका, एक विचारू?" ती म्हणाली. "हृदय आधीच कमजोर होतं. आठ हजार झाले की मी नऊ करा म्हणायचे, नऊ झाले की दहा. ते मला नाही म्हणायचे नाहीत. मी जास्त चालवलं का हो त्यांना?" मला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. मी म्हणालो, "तसं न्हाई गं बाई." तेवढ्यात कुणीतरी तिला आत बोलावलं. ती गेली आणि मी चप्पल घालून घरी आलो. पळून आलो म्हणा.

आठ दिवस जेवण गेलं नाही. मग एका दुपारी फोन करून तिला सगळं सांगितलं. खड्डे, गिअरचा दांडा, रविवार, मी दिलेली साक्ष. तिनं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे ते चाललेच नाहीत?" मी मैदानाच्या आणि चहाच्या गोष्टी सांगायला लागलो, पण ती म्हणाली, "तुम्ही तरी मला खरं सांगायचं होतं, काका. मी नोकरी सोडून आले असते. रोज हात धरून चालवलं असतं." आणि फोन ठेवला. आपल्यामुळं बाप जास्त चालला हे दुःख मी तिच्याकडून काढून घेतलं, आणि तो चाललाच नाही हे दुसरं हातात दिलं. तिसरं माझ्याकडं काही नव्हतं. चालला असता तर वाचला असता का, हे मी परभणीच्या डॉक्टरांनाही विचारून आलो. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात सकाळच्या फेरीला जिंतूरच्या स्टँडवर गाडी लागली आणि स्वाती चढली. मला वाटलं, भांडायला आली असेल. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, सेलूचं तिकीट मागितलं आणि बाही वर सारली. मनगटावर बापाचं घड्याळ होतं, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला. चारठाणा गेलं. फाटा आला, खड्डे सुरू झाले. तिनं समोरचा आडवा दांडा धरला होता, हात हादरत होता आणि ती खाली मान घालून आकड्याकडं बघत होती. मी दोनदा तिच्यापर्यंत गेलो आणि दोनदा मागं फिरलो. एकदा ती हसल्यासारखं वाटलं, पण खिडकीकडं तोंड असल्यानं नक्की सांगता येत नाही.

सेलूला गाडी रिकामी झाली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तसा तिच्या हातातला दांडा थरथरायचा थांबला. स्वाती उतरली नाही. मी शेजारच्या सीटवर बसलो. घड्याळाकडं बघून ती म्हणाली, "चार हजार सहाशे." मी खांद्यावरची पिशवी काढून सीटवर ठेवली. परतीची गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती.