चेअरमनसाहेबांचा श्वास

लहानपणी दम्यानं माझी छाती वाजायची. गेवराईच्या एका म्हाताऱ्या वैद्यांनी मला ओसरीवर बसवून श्वास घ्यायला शिकवलं. आसनं नंतर आली, आधी यम-नियम. अस्तेय म्हणजे नुसती चोरी न करणं नव्हे, दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्याकडं आलं तर ते परत करणं, असं ते सांगायचे. दमा गेला आणि या शास्त्रावर माझा विश्वास बसला, तो बसलाच.

पुढं तलवाड्याच्या बाजूला मास्तर झालो. शाळा साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या संस्थेची. त्या साली दुष्काळ एवढा, की कारखान्याची चिमणी थंडच राहिली. धडधाकट माणसं ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यांत निघून गेली. उरलेल्यांसाठी आमच्या वस्तीवरच्या विहिरीत टँकर ओतला जायचा आणि बाया पोहरे घेऊन काठावर तुटून पडायच्या.

त्याच दिवसांत चेअरमनसाहेबांची साखर वाढली. कारखान्यात नाही ती सगळी त्यांच्या रक्तात गेली, असं लोक हळूच म्हणायचे. डॉक्टरांनी योगासनं करायला सांगितलं आणि रोज पहाटे मला बंगल्यावर न्यायला त्यांची जीप माझ्या दारात उभी राहू लागली.

खोटं कशाला बोलू, ते मन लावून शिकले. पोट उतरलं, गोळ्या कमी झाल्या. ड्रायव्हरला आईबहिणीवरून बोलणारा माणूस त्याला 'बाबा' म्हणू लागला. "गुरुजी, लई हलकं वाटतंय बघा," असं ते म्हणायचे तेव्हा मला आतून भरून यायचं. श्वास आवरता आला की माणसाचा हातही आवरतो, असं मी धरून चाललो होतो.

बायकोला ते पटत नव्हतं. "त्यांचं पोट कमी झालं," ती म्हणायची, "आपला हंडा भरला का?"

वस्तीवरचा टँकर अधूनमधून चुकायला लागला. अशाच एका खाड्यानंतर तो आला तेव्हा विहिरीवर रेटारेटी झाली. माझी बायको काठावरच्या दगडांवर पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तिला प्लास्टर घालून आणलं आणि दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा बंगल्यावर गेलो. उन्हाळा म्हणून आम्ही गच्चीवर बसायचो. सूर्यनमस्कार घालताना खाली मोसंबीच्या बागेत एक टँकर शिरताना दिसला. ड्रायव्हर ओळखीचा होता. आमच्याच वस्तीवर येणारा.

मी शवासन होईपर्यंत थांबलो. ते उठून बसले, चेहरा अगदी निवांत. मी म्हणालो, "साहेब, ते पाणी वस्तीचं हाय."

"हाय ना," ते म्हणाले.

"मग बागेत कावून?"

"गुरुजी, झाड एकदा वाळलं की गेलं. माणसाला पाय असतेत, ती जातेत कुठंबी."

मी त्यांना अस्तेय सांगितलं. बायकोचं मनगट सांगितलं. माझा आवाज चढला होता, त्यांचा नव्हता. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, सावकाश सोडला.

"आधीचा मी असतो तर तुमच्यावर वरडलो असतो," ते हसून म्हणाले. "पण तुमीच शांत राहायला शिकवलं. तुमी आसनं शिकवा, बाकीचं आमी बघू."

मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. जीपही आली नाही. शाळा उघडायच्या आत माझी बदली शिरूर कासारच्या बाजूला, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली. बायकोच्या मनगटाचं हाड वाकडंच जुळलं. भाकरी थापताना तिला अजून मध्येच हात थांबवावा लागतो.

पाऊस पुढच्या साली पडला, चिमणी पेटली. कारखान्याच्या मैदानावर योगशिबिरं भरू लागली. पुण्याहून शिक्षक यायचे, आणि पहिल्या रांगेत चेअरमनसाहेब. ते निवडून येत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात भेटले. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, पायात घोड्याचं बळ. माझे गुडघे आता बोलतात. त्यांनी भर मांडवात माझे पाय धरले. "हा देह गुरुजींचा," ते चारचौघांत म्हणाले. "यांनी जगवलं मला." लोक माझ्याकडं आदरानं बघत होते. मी हात जोडले. आणि बोचतं ते हे, की ते खोटं बोलत नव्हते.

त्यानंतर आठवडाभरात दोघं-तिघं घर विचारत आले, त्यांना योग शिकायचा होता. मी आत होतो. बायको दारात गेली.

"गुरुजी आता शिकवीत न्हाईत," तिनं सांगितलं.

मी आतच बसून राहिलो. ती माणसं चपला घालून निघून गेली.