वीस फुटांवरचे साहेब

आमच्या आत्याला कचेरीत सगळे ‘भिंग’ म्हणत. म्हणत ते मागून, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं तिचं काम एकच, सह्या जुळवणं. कचेरीतला प्रत्येक कागद, मग तो विम्याचा अर्ज असो की हजेरीचा तक्ता, स्कॅन होऊन तिच्या पडद्यावर येई. डावीकडे नोंदवलेली मूळ सही, उजवीकडे कागदावरची. जुळली तर हिरवं बटण, नाही तर तांबडं. एकदा एका गृहस्थांची स्वतःची सही तिने नामंजूर केली. ते तणतणत आले, तेव्हा कळलं की उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने त्यांनी डाव्या हाताने सही ठोकली होती. त्या दिवसापासून तिचा जो रुबाब वाढला तो आम्ही घरी भोगला. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायची सोय मला कधीच नव्हती.

डोळ्यांत तेल घालून काम करणारी माणसं असतात. आत्याच्या डोळ्यांत तेल सोडा, पाणीसुद्धा उरलं नव्हतं. पापणी लवली आणि तेवढ्यात एखादी खोटी सही निसटली तर, या धास्तीने ती पापणीच लववत नसे. दुपारनंतर डोळे चुरचुरत, एका सहीच्या दोन होत, आणि दोन झाल्या की त्यातली जी बरी दिसेल ती आत्या जुळवून घेई. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. महिनाअखेरीला वार्षिक तपासणी होती. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा आणि साहेबांनी ‘नजर कामास योग्य’ अशा कागदावर सही करायची. ती झाली नाही, तर खुर्ची सोडून जावक विभागात पाकिटं चिकटवायची. आत्याला मरणाची नव्हती एवढी त्या पाकिटांची भीती होती.

शेवटी मीच तिला ओढून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, पडद्याचा उजेड कमी करा, आठवणीने पापण्या मिटा, थेंब घाला, आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघत जा. दुसरं कुणी असतं तर खिडकीबाहेर बघून मोकळं झालं असतं. पण आमची आत्या वीस म्हणजे वीस मानणारी. तिने घरची शिवणाची टेप कचेरीत नेली. टेप पाच फुटांची, म्हणून चार-पाच वेळा टाकली, दुसरं टोक शिपाईकाकांनी धरलं. तिच्या टेबलापासून दारातून बाहेर, बोळातून सरळ, काचेच्या दारातून साहेबांच्या खोलीत. टेबलाच्या कडेला अठरा फूट भरले, खुर्चीच्या पाठीला एकवीस. वीस फूट बरोबर साहेबांच्या नाकावर आले. साहेब तेव्हा जेवायला गेले होते, त्यामुळे नाकाचा अंदाज शिपाईकाकांनी खुर्चीत बसून दिला.

त्या दुपारपासून आत्या दर वीस मिनिटांनी मान वर करून साहेबांकडे वीस सेकंद बघू लागली. यातली गंमत अशी की ती जवळचा चष्मा काढतच नसे, त्यामुळे साहेब तिला चॉकलेटी डागासारखे दिसत. मी म्हटलं, “अगं, मग बघून उपयोग काय?” तर म्हणे, डॉक्टरांनी बघायला सांगितलंय, दिसायला पाहिजे असं नाही सांगितलं.

तिकडे साहेबांना मात्र ती लख्ख दिसत होती. पहिल्या दिवशी त्यांनी टाय सारखा केला. दुसऱ्या दिवशी दुपारची डुलकी बंद झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची कोपऱ्यात सरकवली, तर आत्याने शिपाईकाकांना पाठवलं. हे आत्याच्या डोळ्यांचं औषध चाललंय असं सांगायला काका विसरले, खुर्ची जागेवर ठेवायला सांगितलीय एवढाच निरोप त्यांनी पोचवला. साहेबांनी मुकाट्याने खुर्ची जागेवर आणली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भर दुपारी पौर्णिमा होती. आठवड्याभरात कचेरीचा टेबलफॅन साहेबांच्या घरून परत आला. मग भिंतीवरचं घड्याळ आलं, त्यानंतर एक शिडी आली, आणि ती कधी गेली होती हे कुणालाच आठवेना. पुढे पुढे तर वीस मिनिटं भरत आली की साहेब आपणहून उठून उभे राहत.

पंधराव्या दिवशी ते आत्याच्या टेबलापाशी आले आणि समोरच्या स्टुलावर बसले.

“बाई, बास आता,” ते म्हणाले. “तुम्ही ओळखलंत हे मला कळलंय. हजेरीच्या तक्त्यावर माझ्या मेहुण्याचं नाव आहे. तो तीन वर्षांत एकदाही आलेला नाही. सही रोज मीच करतो.”

आत्याने काहीच ओळखलं नव्हतं. तिने कालचा तक्ता उघडला. पंधरा दिवसांच्या विश्रांतीने डोळे निवले होते. मेहुण्याच्या सहीला साहेबांच्या सहीचं शेपूट होतं, आंधळ्यालाही दिसावं असं. मागचा महिना उघडला, मागचं वर्ष उघडलं. सगळीकडे तेच शेपूट आणि सगळीकडे तिने स्वतः दाबलेलं हिरवं बटण. ती इतकी शरमली की साहेब समोर बसले आहेत हेही काही वेळ विसरली.

साहेबांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे सरकवला. तपासणीचं प्रमाणपत्र होतं ते. अक्षरांचा तक्ता वाचायचीही गरज नाही, नजर कामास योग्य, खाली सही आणि शिक्का. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते कसनुसं हसले.

आत्याने सवयीने आधी सही तपासली.

“सही तुमचीच आहे,” ती म्हणाली. “मजकूर खोटा आहे.” आणि पेन घेऊन तिने ‘योग्य’च्या आधी ‘अ’ घातला.

साहेबांचा चेहरा उतरला. आपण बुडणार हे त्यांना कळलं होतंच, पण ही बाई आपल्याबरोबर का उडी मारतेय हे कळेना. त्यांनी तिला समजावलं की मेहुण्याचं वर कळवलं तरी तिला कुणी विचारणार नाही, खुर्ची सुखाने राहील, निवृत्तीला चारच वर्षं उरली आहेत.

आत्याने तीन वर्षांपूर्वीचा पहिला तक्ता पडद्यावर घेतला.

“त्या खुर्चीवर मी तरी कुठे होते, साहेब? तुमचा मेहुणा एकटाच गैरहजर नव्हता.”

मग तिने पहिलं तांबडं बटण दाबलं.