नव्वदवरची थरथर

फर्मिन बेर्तोलोत्तो गिऱ्हाइकाची गाडी स्वतः कधी चालवत नसे. मालकाने चालवायची, याने बाजूला बसून डोळे मिटायचे आणि एक हात सीटखालच्या पत्र्यावर टेकवायचा, ही त्याची तीस वर्षांची पद्धत. "मी चालवली तर गाडीला माझा पाय लागेल. मला तुझ्या पायाखालची गाडी ऐकायचीय," असं तो म्हणे. आणि खोटं कशाला बोलू, आमच्या कोलोनिया अल्वार गावात त्याचं निदान चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. डॉक्टरचं चुकलेलं बऱ्याच जणांनी ऐकलं होतं. त्यामुळे स्वारीच्या डोक्यात थोडी हवा गेली होती, आणि आम्हीच ती भरली होती.

अन्सेल्मो मास्तर मार्चमध्ये त्याच्याकडे आले. त्यांची दोन दारांची, बसकी, लाल स्पोर्ट्स कार पन्नास वर्षं जुनी. शाळामास्तराला ही थेरं कशाला हवीत, असं गाव म्हणायचं, पण दर रविवारी मास्तर आणि त्यांची बायको नेलिदाबाई एम्पानाडांचा, म्हणजे खिम्याच्या करंज्यांचा, डबा घेऊन त्याच गाडीतून नदीवर जायचे. जानेवारीत नेलिदाबाई गेल्या. त्यानंतरही मास्तर एकटेच नदीवर जात राहिले.

"ताशी नव्वदला गाडी थरथरते," मास्तर म्हणाले. "बुडाखालून सुरू होते आणि स्टिअरिंगपर्यंत येते."

फर्मिन बाजूला बसला, डोळे मिटले. नव्वद झाले, शंभर झाले. काही नाही. तरी त्याने चाकं तपासली, टायर बदलून पाहिले. आठ दिवसांनी मास्तर पुन्हा हजर. पुन्हा दोघे गेले, पुन्हा काही नाही. असं पाच वेळा झालं. पाचव्या खेपेला मास्तर वैतागले.

"तू उतर, किल्ली घे आणि एकटा जाऊन ये बघू."

"मास्तर, माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. वर्गात असताना गणित सुटलं की तू पाटी पुसून मोकळा व्हायचास. ताळा म्हणून कधी केला नाहीस."

फर्मिन हसला आणि त्याने मास्तरांच्या हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला दिला. मास्तरांनी नळी तोंडाला लावली, पण त्या दिवशी पेला अर्धाच ठेवून ते उठले.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी मिर्ता रोसारियो शहराहून आली. ती सरळ गॅरेजमध्येच शिरली.

"काका, मला खरं सांगा. दादा म्हणतो बाबांना भास होतात, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू या. बाबा म्हणतात, माझं डोकं ठिकाणावर आहे, फर्मिनला विचार. गाडीत खरंच काही असेल तर मी दादाशी भांडेन."

फर्मिनने हात पुसले. त्याला मास्तरांची मनापासून कीव आली होती, आणि त्या किवेनेच घात केला. "गाडीत काही नाही, पोरी. माणूस एकटा पडला की त्याला असं होतं."

पंधरा दिवसांत मास्तर रोसारियोच्या वृद्धाश्रमात गेले. जाताना त्यांनी वाद घातला नाही. गाडी विकण्यासाठी फर्मिनकडे राहिली.

मे महिन्यात कासिल्दा गावच्या एकाने ती पसंत केली, पण न्यायला यायला तयार होईना. शेवटी फर्मिन स्वतःच निघाला. सोयाबीनच्या शेतांमधल्या सरळ रस्त्यावर काटा नव्वदवर आला आणि त्याच्या बुडाखाली थरथर सुरू झाली. मग ती हातांत आली.

त्याने गाडी कडेला घेतली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारा बसची वाट पाहत होता, त्याला त्याने बाजूला बसवलं. नव्वद, शंभर. थरथर गायब. म्हाताऱ्याला गावात उतरवलं आणि ती पुन्हा आली.

मग तो कपड्यांची पर्वा न करता तिथेच गाडीखाली शिरला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या शाफ्टला आधार देणारा मधला रबर एका बाजूने फाटला होता, मागची स्प्रिंगही थकली होती. बाजूला कुणी बसलं की गाडी जरा दबायची आणि शाफ्ट सरळ व्हायचा. इतकी वर्षं नेलिदाबाई बसत होत्या. त्यानंतर पाच वेळा तो स्वतः बसला होता. फर्मिन गाडीखाली पडल्या पडल्या रडला. आपल्या हुशारीची त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याने कासिल्दाचा सौदा मोडला, रबर बदलला आणि मिर्ताला फोन केला. थरथर खरी होती, हे तिला सांगितलं.

"घर अजून तसंच आहे, काका," ती म्हणाली. "त्यांना एकदा परत येतो म्हणू दे, दुसऱ्या दिवशी आणून सोडते. दादाचं मी बघते."

रविवारी फर्मिन आश्रमात गेला. मास्तर खिडकीशी बसले होते, दाढी कुणीतरी दुसऱ्यानेच केलेली दिसत होती. फर्मिनने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फाटका रबर त्यांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तो उलटसुलट पाहिला.

"रबर जुना झाला की फाटतोच," ते म्हणाले.

"मास्तर, तुमचं खरं होतं. मीच चुकलो. परत चला."

"तू पाच वेळा ऐकलंस, फर्मिन. डोळे मिटून. तुझं कधी चुकलंय का? अख्खं गाव सांगेल."

"या वेळी चुकलं, मास्तर. शपथेवर सांगतो."

"लहानपणीही तू असाच होतास. कुणी रडायला लागलं की त्याची चूक आपल्या अंगावर घ्यायचास." मास्तरांनी रबर त्याच्या हातात परत दिला आणि त्याची मूठ मिटली. "मला वाईट वाटू नये म्हणून तू इतक्या लांब आलास, हे मी विसरणार नाही. पण मिर्ताला सांग, मी इथेच बरा आहे. बाहेर असतो तर नसलेलं आणखी काय काय जाणवलं असतं, कुणास ठाऊक."